कोर्स विकायचा कुठं: यूट्यूब, यूडेमी की स्वतःचं ॲप?

"मॅडम, क्लास ऑनलाइन न्यायचाय, ॲप घेऊ का?" उदगीर, अंबाजोगाईकडच्या बऱ्याच जणी मला हे विचारतात. माझा लातुरात आरी वर्कचा, म्हणजे आकड्याच्या सुईनं करायच्या भरतकामाचा, क्लास आहे आणि हे तिन्ही रस्ते मी तुडवलेत. आधी पैशाचा हिशोब मांडते.

समजा कोर्स ४९९ रुपयांना गेला. यूडेमी, म्हणजे कुणीही आपला कोर्स विकू शकेल अशी वेबसाइट. तिथं गिऱ्हाईक त्यांच्या शोधातून आलं, तर शिकवणाऱ्याला ३७ टक्के, म्हणजे १८५ रुपयांच्या आसपास. तेच तुम्ही पाठवलेल्या कूपनवरून आलं तर ९७ टक्के. स्वतःच्या ॲपवर पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन फी जमा करून देणाऱ्या कंपनीचे) साधारण २ टक्के आणि त्यावरचा जीएसटी गेला, की ४८७ उरतात. एवढं बघून ॲपच बरं वाटतं. पण हे ॲप कंपनीकडून भाड्यानं घ्यायचं असतं, त्याचं वर्षाचं भाडं २०,००० धरा. पहिल्या ४१ जणींची फी भाड्यातच गेली. त्या ४१ जणी कुठून आणायच्या, ते ॲपवाला सांगत नाही.

यूडेमी निदान भर बाजारात दुकान लावून देतं. मात्र विद्यार्थिनीचा नंबर किंवा ईमेल तुमच्या हाती देत नाही, म्हणजे पुढचा कोर्स तिला सांगायचा तरी कसा? एक्सेल, प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्याला तो बाजार मानवतो. ब्लाऊजवरचं आरी काम मराठीतून शिकू बघणारी औशाची ताई तिथं फिरकत नाही, ती यूट्यूबवर शोधते.

यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं बघणं लागतं (शॉर्ट्सचा नियम वेगळा). मग मोठ्या व्हिडिओंच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा मिळतो. त्यावर घर चालेल असं धरू नका. पण ओळख तिथंच होते. माझा सगळ्यात जास्त बघितलेला व्हिडिओ चार मिनिटांचा आहे: सुई वर येताना तिचा आकडा कापडात का अडकतो, एवढंच. पहाटे पाचला, शेजारची गिरणी सुरू व्हायच्या आत, दाराला वाकळ टांगून केलेला. मोबाईल कापड ताणलेल्या फ्रेमच्या बरोबर वर आणि उजेड बाजूनं, नाहीतर जरी चमकते आणि टाका दिसत नाही. तो बघून बायका फोन करतात, "खालच्या हातानं दोरा कसा धरायचा?" फी भरणाऱ्या याच.

मी मात्र उलटं केलं होतं, ॲप आधी घेतलं. वर्षात अकरा जणी आल्या. मुदत संपली, मी पुन्हा पैसे भरले नाहीत आणि व्हिडिओ बंद पडले. "मॅडम, व्हिडिओ दिसंना," असे फोन आले, तेव्हा मला तोंड दाखवायची लाज वाटली. त्यांनी पैसे मला बघून दिले होते. सगळ्यांना पेन ड्राइव्हवर व्हिडिओ भरून दिले.

म्हणून नवख्या बाईला मी सांगते: आठवड्याला एक छोटा व्हिडिओ यूट्यूबवर टाका, विचारायला येणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप करा आणि दहा-पंधरा जणींची थेट बॅच घ्या. त्या कुठं अडतात ते बघून मगच कोर्स रेकॉर्ड करा. वर्षाला दोन-तीन बॅचा भरायला लागल्या, की ॲप बघा. पैसे भरण्याआधी कंपनीला विचारा, मुदत संपल्यावर विद्यार्थिनींची यादी आणि व्हिडिओ मला मिळणार का? उत्तर लेखी घ्या. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जायला लागली, तर जीएसटी नोंदणीसाठी सीएला गाठा. मूळ व्हिडिओ मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा.