दिवाळीपासून इंटरव्हल ट्रेनिंग करून राहिलो, चरबी आन मसल दोन्हीचा अनुभव

दिवाळी झाल्यावर चालू केलं, आता मृग लागायला आला, म्हणून लिहून राहिलो. वणीच्या बाजूचं खेडं आमचं, जिम तालुक्याला, जाण्यायेण्यातच सकाळ जाते, त्यामुळे सगळं गावाबाहेरच्या पांदणीवर आन कॅनॉलच्या पाळीवर केलं.

पद्धत अशी, आधी दहा मिनिटं हळू पळायचं, मग ३० सेकंद जीव तोडून, दीड मिनिट चालत दम घ्यायचा, असं सात-आठ वेळा. हप्त्यात तीनच दिवस. भरतीवाले पोट्टे रोज करतात, मग नडगी धरते आन १६०० मीटरचा टाइमही वाढतो, त्यायले माझं कळकळीनं सांगणं आहे की मधला दिवस सोडाच.

व्हिडिओत टाबाटाचं नाव घेऊन चार मिनिटात चरबी गायब म्हणतात ते मले पटत नाही. इझुमी टाबाटांचा तो जपानमधला अभ्यास १९९६ चा, सायकलवर २० सेकंद फुल जोर आन १० सेकंद आराम, आन त्यात मोजला होता दम, म्हणजे शरीर ऑक्सिजन किती वापरते ते, चरबीचा तो अभ्यासच नव्हता. दम खरंच बम वाढतो, पाळीवरचा चढ आता बोलत बोलत चढतो. पण पोट कमी झालं ते रात्रीचा भात अर्धा केल्यावर. व्यायामानंतर दिवसभर चरबी जळत राहते म्हणतात, ते होते पण लय थोडं. इंटरव्हलचा खरा फायदा वेळेचा, कापूस वेचणीच्या दिवसांत तास-दीड तास कोण चालणार?

मसलचं सांगतो. नुसतं पळून मांड्या जरा भरल्या, खांदा-छाती होती तशीच. मग युरियाचं रिकामं पोतं धुतलं, अर्धं रेतीनं भरलं, तोंड दाभणानं सुतळी घालून शिवलं आन वरून दुसरं पोतं चढवलं, नाहीतर धुऱ्यावरच्या दगडानं फाटते. ते छातीशी धरून उठबशा, जमिनीवरून खांद्यावर उचलणं, वाकून पोटाकडे ओढणं, आन सोबत दंड. बारा वेळा सहज व्हायला लागलं की शिवण उसवून घमेलंभर रेती अजून टाकायची. शर्ट खांद्यात घट्ट झाला तो या पोत्यानंच.

खाण्यात प्रोटीन पाहिजे भाऊ, वजनाच्या किलोमागे दीड-पावणेदोन ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला शंभराच्या वर. पातळ वरणातून ते होत नाही. सोयाबीन वडी १०० ग्रॅममध्ये ५० च्या आसपास देते, एका अंड्यात ६. आई वडीची भाजी लसूण-तिखटात झणझणीत करते, ज्वारीच्या भाकरीसंगं मस्त लागते.

उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत आटपा, आपल्याकडे पारा ४५ ला जाते, दुपारी हा प्रकार जिवावर बेतते. बीपी, हार्टचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय जोरात पळूच नये, चालणं चांगलं.

आता पेरणीत पळणं एकच दिवस ठेवणार. पोत्याचे सेट कमी करीन पण रेती काढणार नाही, मसल टिकवायला सेट थोडे चालतात, वजन तेवढंच लागते.