‘ज्याची त्याची नीती’ कुठपर्यंत पुरते? दादरच्या शनिवारच्या वर्गाविषयी

दादर पश्चिमेला एका जुन्या ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावर नीतिविचाराचा सहा शनिवारांचा वर्ग चालतो. शुल्क १,२०० रुपये, वेळ संध्याकाळी ५.३० ते ७.३०, आणि विषय एकच: चांगले-वाईट ठरवण्याचे मापदंड समाजागणिक वेगळे असतात, की माणूस म्हणून सर्वांना लागू पडतील असे काही मापदंड असू शकतात? हा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. ज्यांना हा प्रश्न कधी ना कधी अडला असेल, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो.

मला तो घराशीच अडला. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत एका कुटुंबाला भाड्याची जागा नाकारण्यात आली, कारण त्यांच्या घरी मासळी शिजते. सभेत एक ज्येष्ठ सभासद शांतपणे म्हणाले, “प्रत्येक इमारतीची एक संस्कृती असते, तिला बाहेरच्यांनी नावे ठेवू नयेत.” मी काही बोललो नाही. बोलायचे धैर्य नव्हते असे नाही. पण ‘ज्याचे त्याच्यापाशी, आपण कोण सांगणारे’ हे आयुष्यभर मीच म्हणत आलो होतो, आणि तोच युक्तिवाद समोरून आल्यावर त्यात खोट कुठे आहे हे मला सांगता येईना.

पहिल्या शनिवारी सरांनी फळ्यावर फक्त तीन नावे लिहिली: चंदनवाडी, बडा कब्रस्तान आणि पारशांची डुंगरवाडी. दहन, दफन आणि गिधाडांच्या स्वाधीन करणे, हे तिन्ही अंत्यविधी मुंबईत एकमेकांपासून थोड्याच अंतरावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. मग त्यांनी इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने नोंदवलेली इराणच्या दरायस राजाची कथा सांगितली. किती मोबदला घेऊन तुम्ही वडिलांचे प्रेत खाल, असे राजाने ग्रीकांना विचारले, आणि किती मोबदला घेऊन ते जाळाल, असे प्रेत खाण्याची रीत असलेल्या कॅलेशियन लोकांना विचारले. दोघेही तितकेच हादरले. यावर वर्गातल्या एका पारशी बाई म्हणाल्या की, त्यांच्या आजीच्या वेळी गिधाडे होती, आता ती उरली नाहीत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडे मेली. २००६ मध्ये त्या वापरावर बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता. गिधाडांचे काम करण्यासाठी डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले, आणि समाजातल्या काही जणांनी दहनाचा मार्ग धरला. “रीत बदलली, पण आजीला आम्ही टाकून दिले असे कुणाला वाटले नाही,” असे त्या म्हणाल्या. रीती निरनिराळ्या असूनही त्यांच्या तळाशी मृताविषयीचा आदर एकच असू शकतो, हे इतक्या नेमकेपणाने कोणत्याही व्याख्यानातून माझ्यापर्यंत पोहोचले नसते. सरांनी मात्र तिथेच बजावले की प्रत्येक वाद इतक्या सहज मिटत नाही.

तिसरा शनिवार हा या वर्गाचा गाभा आहे, आणि केवळ त्याच्यासाठीही मी शुल्क भरले असते. त्या दिवशी पूर्ण दोन तास रखमाबाईंच्या खटल्यावर गेले. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी पती दादाजी भिकाजींकडे नांदायला जायचे नाकारले. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलानंतर खटला पुन्हा उभा राहिला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश दिला. तुरुंगात जाईन, असे रखमाबाईंनी कळवले. १८८८ मध्ये २,००० रुपयांवर तडजोड झाली आणि पुढे त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या.

लोकमान्य टिळकांच्या वृत्तपत्रांनी तेव्हा रखमाबाईंच्या विरोधात भूमिका घेतली होती. परक्या सत्तेने आपल्या चालीरीतींत हात घालू नये, हा त्या काळचा प्रबळ सूर होता, आणि गुलामीत असलेल्या समाजाच्या तोंडी तो समजण्याजोगाही होता. परंतु बायकोला कायद्याने नांदायला लावण्याचा हा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता, तो इंग्लंडच्या कायद्यातून इथे आला होता, आणि हेच पिन्हे यांनी निकालात म्हटले होते. इतकेच नव्हे, तर असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडने १८८४ मध्ये, म्हणजे हा दावा लागला त्याच वर्षी, रद्द केली होती. ‘आपली परंपरा’ म्हणून जिचा कैवार घेतला गेला, तिच्यात परका कायदा मिसळलेला होता. आणि जिच्या आयुष्याचा प्रश्न होता, ती बाई त्याच परंपरेतली असून ‘मला हे मान्य नाही’ असे सांगत होती. मग समाजाचे मत म्हणजे नक्की कुणाचे मत? प्रत्येक समाजाची नीती त्याच्यापुरती खरी, असे म्हटले की रखमाबाईंना त्या समाजाबाहेर काढल्याशिवाय हिशेब जुळत नाही. मला सभेत जे सुचले नव्हते, ते मला इथे मिळाले.

चौथ्या शनिवारी दुसरी बाजू तितक्याच गांभीर्याने मांडली गेली, हे मला विशेष आवडले. १९४७ मध्ये अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांना निवेदन देऊन इशारा दिला होता की, एका संस्कृतीची मूल्ये साऱ्या जगाचे हक्क म्हणून लादली जाण्याचा धोका आहे. वसाहती अजून उभ्या होत्या, तेव्हा तो इशारा पोकळ नव्हता. त्याच संघटनेने १९९९ मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने जाहीरनामा काढला. दरम्यान १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला होता. आठ देश तटस्थ राहिले. त्याच्या पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकणारे इंग्रजी शब्द बदलून ‘सर्व मानव’ असे करून घेतले ते मुंबईच्या विधान परिषदेत काम केलेल्या हंसा मेहता यांनी. सर्वांसाठी म्हणून लिहिलेल्या मसुद्यातली उणीव भारतातून गेलेल्या एका बाईने दाखवली आणि ती दुरुस्त झाली. हे ऐकताना मला फार बरे वाटले.

उणिवाही सांगायला हव्यात. पाचव्या शनिवारी जैनांचा अनेकान्तवाद अर्ध्या तासात उरकला गेला आणि ‘सगळीच मते आपापल्या जागी खरी’ असा त्याचा अर्थ लावला गेला. हे मला पटले नाही. वस्तूला अनेक अंगे असतात आणि एका दृष्टीला तिचा एकच भाग दिसतो, असे तो सांगतो. अहिंसा ही कुणाच्या आवडीनिवडीची बाब आहे, असे कोणताही जैन आचार्य म्हणणार नाही. मी तसे विचारले तेव्हा वेळ संपली होती. टिपणे इंग्रजीत आहेत, तीही मराठीत हवीत. शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षिकांनी प्रत्येक वेळी माझ्याकडून दोन-तीन शब्दांचे अर्थ विचारून घेतले. पंख्याच्या आवाजामुळे मागच्या रांगेत नीट ऐकू येत नाही, म्हणून पुढे बसावे.

पुढची तुकडी गणपतीनंतर सुरू होणार आहे आणि जागा चाळीसच आहेत. माझे म्हणाल तर, सोसायटीच्या मागच्या सभेत मी एवढेच विचारले की, हा मासळीचा नियम कोणत्या सभेत झाला आणि तेव्हा कोण कोण हजर होते. सचिवांनी इतिवृत्ताची वही काढली. चौदा वर्षांच्या पानांत तो नियम कुठेच नव्हता. विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, असे मी लेखी दिले आहे.