शिट्टी हरवलेला कुकर

नात चौथीत आहे. निबंध छान लिहिते, पण सगळे पाठ केलेले. म्हणून मे महिन्यात तिला आमच्या वाचनालयाच्या गोष्टलेखन शिबिरात घातलं. 5 दिवस, रोज दीड तास. पहिल्या दिवशी ताईंनी वही उघडूच दिली नाही. दोन पिशव्या फिरवल्या: एकीत वस्तूंच्या चिठ्ठ्या, दुसरीत जागांच्या. नातीला आलं ‘कुकर’ आणि ‘एसटी स्टँड’. शिट्टी हरवलेला कुकर स्वारगेटला कंडक्टरकडे शिट्टी उसनी मागायला जातो, ही कल्पना तिची एकटीची! ताईंनी एक शब्दही बदलला नाही, नुसतं विचारलं, ‘मग कंडक्टर काय म्हणाला? त्याची गाडी कशी सुटली?’ तेवढ्यावर अर्ध्या पानाच्या गोष्टीची तीन पानं झाली. शुद्धलेखन अगदी शेवटी, तेही पेन्सिलीने. हे मला फार पटलं.

वाचायला ‘किशोर’चे जुने अंक होते. (बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं, जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात.)

तक्रार एकच. 30 मुलं आणि ताई एकट्या. निम्म्या मुलांच्या गोष्टी वाचून दाखवायच्या राहिल्या, त्यांचे चेहरे बघवेनात. पुढच्या वर्षी कृपया दोन तुकड्या करा.