नमुन्याला दिलेली चक प्लेट आणि राजकोटचा टॅप

गोव्यातल्या डिचोलीत आमचं पितळेच्या समयांचं काम आहे. ओतकाम झालं की समईचा खांब, तबक, वरचा कळस लेथवर धरून साफ करायचा. लेथ जुना आहे. 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या, तेव्हा एका खाणीच्या वर्कशॉपातलं सामान विकायला निघालं होतं, त्यातून वडिलांनी तो आणला. नावाची पट्टी घासून गुळगुळीत झालेली. कंपनी कुठली, कुणालाच माहीत नाही.

गणेश चवथीला दीड महिना असताना चकच्या (काम पकडणाऱ्या जबड्याच्या) मागच्या बिडाच्या प्लेटला तडा गेला. ही प्लेट स्पिंडलच्या, म्हणजे लेथच्या फिरत्या दांड्याच्या, आट्यांवर फिरवून बसवायची असते, म्हणजे नवीन करायची तर आधी स्पिंडलचा आटा ओळखायला हवा: व्यास किती आणि पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, किती. मला पितळ कळतं, आटे कळत नाहीत. ओळखीतून एक जण आला. व्हर्निअर लावला, अडतीस वाचलं आणि म्हणाला, "पात्रांव, ही मेट्रिक. अडतीस एमएम, तीन पिच. पण आटा जुन्या पद्धतीचा, साधा टॅप चालायचो ना. राजकोटहून स्पेशल मागवावा लागतलो."

टॅप म्हणजे भोकात आतून आटे पाडायचं हत्यार. प्लेटचे साडेसहा हजार, टॅपचे नऊ हजार. दहा हजार आगाऊ दिले. तडा गेलेली प्लेट त्याने 'नमुन्याला' म्हणून नेली. पावती म्हणजे वहीचं अर्धं पान, त्यावर 'चक प्लेट काम' आणि रक्कम. आटा कुठला, पिच किती, काही नाही. माझी पहिली चूक इथेच झाली. दुसरी म्हणजे नमुना हातातून जाऊ दिला.

तीन आठवड्यांनी प्लेट आली. सरसर चढली, स्पिंडलच्या खांद्याला टेकली. एवढी हलकी चढली याचा मला आनंद झाला, यावर आता माझंच मला हसू येतं. त्याने रिकामा चक सावकाश फिरवून दाखवला, उरलेले साडेपाच हजार घेतले आणि गेला. टॅप दाखव म्हटलं तर म्हणे दुसऱ्या कामावर आहे.

दुसऱ्या दिवशी खांब लावला तर टूल थरथरायला लागलं, पितळेवर माशाच्या खवल्यांसारख्या खुणा. मी वेग वाढवला. मग लवकर थांबवायला सवयीने मोटर उलटी दिली आणि चक सुटून बेडवर आदळला. आट्यावरचा चक उलट फिरवला की सुटू शकतो, हे खरंच आहे, त्यात माझाही दोष. पण जुनी प्लेट इतकी वर्षं अशी कधी सुटली नव्हती. नशिबाने समोर कुणी उभं नव्हतं. स्पिंडलचे पुढचे दोन आटे मात्र चेपले.

शेजारी आयटीआयमधून निवृत्त झालेले सर राहतात, त्यांना बोलावलं. त्यांनी स्पिंडल रॉकेलने धुतला, आट्यांवर थोडी काजळी लावली, कागदाची पट्टी आडवी दाबली. कागदावर रेघा उमटल्या. पट्टी स्टीलच्या फुटाशेजारी ठेवून मोजायला लावलं: एका इंचात बरोबर आठ. तीन एमएम पिच असती तर आठ आटे चोवीस एमएममध्ये संपले असते. इथे पंचवीस पॉइंट चार. जवळजवळ दीड एमएमचा फरक तर माझ्यासारख्यालाही दिसतो. एकाच आट्यावर मोजलं तर तीन आणि तीन पॉइंट एक सात पाच (पंचवीस पॉइंट चार भागिले आठ) सारखेच वाटतात, म्हणून मोजायचे ते अनेक आटे मिळून.

आणि अडतीस? दीड इंच म्हणजे अडतीस पॉइंट एक. जुना आटा वरून जरा झिजतोच, म्हणून व्हर्निअर अडतीस दाखवतो. नुसत्या व्यासावरून आटा सांगणारा माणूस दिसला की दार दाखवा, असं सर म्हणाले. मग त्यांनी पिच गेजची, म्हणजे आटा जुळवून पाहायच्या मापाची, पानं उजेडासमोर धरली. व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्रजी इंच पद्धतीचा, आटा पंचावन्न अंशांचा, 1841 पासूनचा, त्याचं टोक आणि तळ गोलसर असतात. मेट्रिक साठ अंशांचा. आमच्या आट्यात पंचावन्नचं पान फट न ठेवता बसलं. दीड इंच, इंचाला आठ हा काही दुर्मीळ आटा नाही; अमेरिकेच्या साउथ बेंडच्या नऊ इंची लेथवर हेच माप असतं, फक्त कोन साठ अंशांचा. लेथचा लीड स्क्रू (आटे कापताना टूल सरकवणारा लांब स्क्रू), तोही इंचाचाच निघाला. तो पाहायला मला कुणी अडवलं नव्हतं.

टॅपचं ऐकून सर खदखदून हसले. एका प्लेटसाठी एवढा मोठा टॅप कोण आणतो? आतला आटा लेथवरच बोरिंग टूलने कापतात. त्यांचा तर्क असा की त्या माणसाचा लेथ मेट्रिक असणार. अशा लेथवर इंचाचा आटा अचूक कापायला 127 दातांचं गिअर लागतं (पंचवीस पॉइंट चारला पाचने गुणा). ते नसणार, म्हणून त्याने तीन पिच कापली आणि चढावी म्हणून खाच रुंद करून टाकली. प्लेट आत पाहिली तर आटे कागदासारखे बारीक. सगळा भार टोकाच्या एक-दोन आट्यांवर.

फोन केला तेव्हा म्हणाला, "तुमच्या स्पिंडलचाच आटा गेलेला." जुनी प्लेट? ती भंगारात गेली. आता फोन उचलत नाही. चवथीची निम्मी कामं मी दुसऱ्यांकडे वळवली.

नवीन प्लेटच्या आधी सरांनी ॲल्युमिनियमची एक पातळ रिंग त्याच आट्यात कापून आणली, चेपलेले आटे कानशीने साफ केले आणि ती स्पिंडलवर फिरवून पाहिली. हलली नाही, अडलीही नाही. मग बिडाला हात घातला. रिंग आता लेथच्या खिळ्याला टांगलेली आहे, पुढच्या वेळी नमुना म्हणून तीच द्यायची.

जुन्या प्लेटच्या मागे वडिलांनी छिन्नीने छोटा ॐ कोरलेला आहे, कडेला एक तडा. उत्तर गोव्यात कुणाच्या भंगारात दिसली तर वजनाच्या भावाने माझ्यासाठी घेऊन ठेवा.