सोसायटीचा नवा एसटीपी: वर्षभराचा अनुभव

पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा जुना एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) म्हणजे पार्किंगभर दुर्गंधी आणि फ्लशला पिवळट पाणी. गेल्या वर्षी एका ठेकेदाराकडून तो एमबीबीआर पद्धतीचा, म्हणजे तरंगत्या चकत्यांवर जिवाणू वाढवून पाणी शुद्ध करणारा, करून घेतला. टाकीत प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार चकत्या हवेच्या बुडबुड्यांबरोबर सतत घुसळत असतात. एक हातात घेऊन पाहिली, आतल्या कप्प्यांत तपकिरी, बुळबुळीत थर होता. मैला खाणारे जिवाणू ते हेच! आता ग्लासात पाणी धरलं की पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं. तपासणीत बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन; जितका कमी तितकं पाणी स्वच्छ) लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत आला, तेव्हा खरंच भरून आलं.

तक्रार मात्र मोठी आहे. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला आणि ठेकेदाराचा माणूस चार दिवसांनी उगवला. हवा तुटली की जिवाणू मरतात. पाणी ताळ्यावर यायला पंधरवडा गेला. देखभालीच्या करारात दुरुस्तीची मुदत लिहून घ्याच.

पुण्याच्या मुळा-मुठेसाठीही सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ११ केंद्रांचा, रोज ३९.६ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प आहे. जायकाशी (जपान सरकारची मदतसंस्था) कर्जकरार २०१६ चा. एवढी वर्षं नदी वाट बघतेय, याचं वाईट वाटतं. आमच्या बागेचा टँकर तरी बंद झाला.