आईचा केअर प्लॅन, आठ महिन्यांनंतर: सगळं अडतं ते गोळीच्या वेळेवर

आईला पार्किन्सन्स, मधुमेह, शिवाय गिळायला त्रास. 'प्रत्येकासाठी स्वतंत्र केअर प्लॅन' एवढं वाचूनच हे केअर होम निवडलं होतं. पहिल्या आठवड्यात नऊ पानं हातात आली. पाणी किती घट्ट करून द्यायचं, दर 2 तासांनी कूस बदलायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, सगळं व्यवस्थित. आणि पार्किन्सन्सच्या मुख्य गोळीपुढे, लेव्होडोपापुढे, फक्त 'दिवसातून 4 वेळा'.

याच ओळीवर मी सहा महिने भांडले. हे औषध रक्तात टिकतच नाही, दीडेक तासात निम्मं उरतं. घरी मी गजर लावून 7, 11, 3, 7 ला द्यायचे. इथे औषधांची ट्रॉली येईल तेव्हा गोळी, तीही ताटासोबत! जेवणातली प्रथिनं औषधाचं शोषण अडवतात, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी हवी, हे मी किती वेळा सांगितलं असेल. एका दुपारी ट्रॉली 50 मिनिटं उशिरा आली. आई बाथरूमच्या दारात उभी, पाय फरशीला खिळलेले, चौकट धरून धरून बोटं पांढरी पडलेली. आया म्हणत होती, "आजी, चला ना पटकन." चालता येत असतं तर ती थांबली असती का? पुढच्या महिन्यात तिथेच पडली. हाड वाचलं. तेव्हा लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता.

मत बदललं ते नव्या सिस्टरमुळे. पडल्यावर प्लॅन लगेच नव्याने बघायचा असतो, तीन महिन्यांच्या मीटिंगची वाट बघायची नसते, हे तिनेच सांगितलं आणि करूनही दाखवलं. तिने मला बाजूला बसवून आधी आईलाच विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जड कधी जातं?" आई म्हणाली, "पहाटे." मला हे माहीतच नव्हतं. आता चारही वेळा घड्याळाप्रमाणे लिहिल्या आहेत, पहाटे उठताना मदतीला कुणीतरी असतं आणि इन्सुलिन वेगळं, ताट समोर आल्यावर. मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड द्यायचं नाही, हेही लाल अक्षरात आहे. त्याने पार्किन्सन्स बळावतो.

आता चार स्टार. पाचवा अडकलाय बदलीच्या माणसांपाशी. गेल्या रविवारी 11 ची गोळी 11:40 ला मिळाली, प्लॅन उशाशी लावलेला असताना. उद्या जाऊन पुन्हा बोलणार आहे.