आधी संख्या सिद्धांत की आधी गटसिद्धांत?

सांगलीत बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या विद्यार्थ्याला संख्या सिद्धांत (पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास) आणि गटसिद्धांत (ठरावीक नियम पाळणारी एक क्रिया असलेल्या संचांचा, म्हणजे गटांचा अभ्यास) या दोहोंपैकी एकच विषय आधी निवडता येत असेल, तर माझा कौल संख्या सिद्धांताला आहे. शाळेतला मसावि येथे पुन्हा भेटतो, मात्र या वेळी सिद्धतेसह. आणि समीकरणांची पूर्णांकी उत्तरे शोधण्याची आर्यभटाची कुट्टक पद्धतही मसावि काढतानाच्या भागाकारांच्या साखळीवरच उभी असल्याने विषय परका वाटत नाही.

फर्माचे छोटे प्रमेय पाहा. 7 ने भाग न जाणाऱ्या कोणत्याही पूर्णांकाचा सहावा घात 7 ने भागल्यास बाकी 1 उरते. 3 च्या पहिल्या सहा पटींच्या बाक्या 3, 6, 2, 5, 1, 4 अशा येतात, म्हणजे 1 ते 6 हेच अंक केवळ क्रम बदलून येतात, आणि त्या सहा पटींचा गुणाकार 1 ते 6 च्या गुणाकाराशी ताडून पाहताच (दोन्हींची 7 ने भागल्यावरची बाकी सारखीच) सिद्धता हाती लागते. गटसिद्धांतात हेच प्रमेय लाग्रांजच्या प्रमेयातून (सांत गटातील उपगटाची घटकसंख्या गटाच्या घटकसंख्येला भागते) दोन ओळींत निघते. पण त्या प्रमेयाच्या मुळाशी असलेला सहगण (उपगटाच्या सर्व घटकांना गटातल्या एकाच घटकाने गुणून मिळणारा संच) म्हणजे काय हे उमगेपर्यंत त्या दोन ओळी निव्वळ पाठांतरच ठरतात. (परीक्षेत तेही चालते, हे निराळे.)

पुढे एम.एस्सी.ला जायचे असल्यास मात्र गटसिद्धांत टाळता येत नाही.